सायकॉलॉजी घेतलीय? मग फ्रॉइडची भीती आधी काढून टाका

नाशिकच्या शरणपूर भागातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एखाद्या मुलीने एफवायला सायकॉलॉजी घेतली की एखादी काकू मला बाजूला घेऊन विचारतेच, "विश्वास टिकेल ना गं तिचा?" मी हा विषय नाशिकलाच शिकले, आता एका शाळेत समुपदेशक आहे. विश्वास टिकतो. अभ्यास कसा करायचा ते मात्र नीट ठरवावं लागतं.

पेपरात पेपरापुरतंच लिहा. पाव्हलॉवचा कुत्र्यांवरचा प्रयोग विचारला असेल तर उद्दीपक आणि लाळ एवढंच पुरे, शेवटी वचन जोडू नका. मार्क जातात आणि वचनाचंही त्यात काही भलं होत नाही.

पुस्तकाच्या समासात मात्र प्रत्येक सिद्धान्तापाशी पेन्सिलीने दोन प्रश्न लिहा: यांनी नेमकं मोजलं काय? आणि माणसाबद्दल न मोजताच काय धरून चालले? मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड; त्याने १९२७ साली धर्माला भ्रम म्हटलं. देव म्हणजे असहाय लेकराला हवासा वाटणारा बाप. मोजलं काय? काहीच नाही. विचार म्हणून तो वाचा, नीट समजून घ्या, कारण परीक्षेत येतो; पण प्रयोगाचा निष्कर्ष म्हणून मान तुकवू नका. वर्तनवादी स्किनरने कबुतरं पेटीत ठेवून त्यांचं वर्तन खरोखर मोजलं, ते मान्य करा. माणसाला स्वतंत्र इच्छाच नाही, हे मात्र त्या पेटीतून निघालेलं नाही.

आपल्याला घाम फुटायला हवा तो डार्ली आणि बॅटसन यांचा १९७३ चा प्रयोग वाचून. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतले विद्यार्थी, म्हणजे उद्याचे पाळकच म्हणा. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं. काहींचा विषय होता चांगला शोमरोनी, म्हणजे येशूच्या दाखल्यातला, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणारा माणूस. वाटेत दारात एक माणूस वाकून बसलेला, खोकतोय, कण्हतोय. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के थांबले, थोडी घाई होती त्यांतले ४५, आणि ज्यांना "उशीर झालाय, पळा" म्हटलं होतं त्यांतले फक्त १० टक्के. डोक्यात शोमरोनी असल्याने ठोस फरक पडल्याचं संशोधकांना दिसलं नाही. घाईचे आकडे तर समोरच आहेत. रविवारी उपासनेला उशीर होतोय म्हणून आपण सीबीएस बसस्थानकापाशी कुणाकुणाला ओलांडून गेलो, ते आठवून बघा. असा धडा मला तरी प्रवचनात ऐकायला मिळाला नव्हता.

नैराश्याचं प्रकरण आलं की बायबलमधला १ राजे १९ हा अध्याय उघडून शेजारी ठेवा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला "विश्वास कमी पडला" म्हणत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. पण एलीयाला निदान चिकटवू नका. मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक डीएसएम-५, त्यात नैराश्यासाठी किमान दोन आठवडे, नऊपैकी पाच लक्षणं आणि त्यांत उदास मन किंवा कशातच रस नसणं, असा हिशेब आहे. तो त्याच्यावर लावायला आपल्याकडे माहितीच नाही.

मंडळीत तुम्हाला दुसऱ्या वर्षापासूनच "आमच्या पोराला जरा बघ" सुरू होईल. बघू नका. ऐका आणि योग्य माणसाकडे पाठवा. आणि आपल्याकडचा एक जुना रोग: प्रार्थनाविनंती. "अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करू या, ती गोळ्या घेते" असं म्हटलं की आमेन होईस्तोवर बातमी नाशिकरोडला पोहोचलेली असते. कुणी विश्वासाने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय प्रार्थनेतही नाव घेऊन काढायचं नाही. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा गप्प बसायचं नाही, घरच्या जबाबदार माणसाला सांगायचं, आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी असलेला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फोनमध्ये आजच सेव्ह करून ठेवा.

पुढचं थोडक्यात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, परिषदेची मान्यता नसलेल्या नुसत्या बीए-एमएवर ती मिळत नाही. 'ख्रिस्ती समुपदेशन' असं नाव असलेला महिन्याभराचा कोर्स कुणी दाखवला तर फी भरण्याआधी त्या सर्टिफिकेटला मान्यता कुणाची, ते लेखी मागा.