घरातला स्विच नाहीतर सॉकेट स्वतः बदलताय? मग बोर्ड खोलायच्या आधी एवढं वाचाच

स्विच कडकड आवाज करतोय, सॉकेटमधे पिन ढिली बसतीये, प्लेट एका कोपऱ्यात पिवळी पडलीये, अशा वेळी जुनं काढून तसलंच नवं बसवणं हे काम घरच्या घरी होतं. नियमातही स्विच, दिवा, पंखा, फ्यूज असलं जसंच्या तसं बदलायला मुभा आहे. पण नवा पॉइंट काढणं, लाईन वाढवणं, साध्या सॉकेटच्या जागी गीझरचा पॉइंट करणं हे लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं काम आहे, त्यात आपण पडायचं नाही. आणि मीटर, त्याचं सील, मीटरच्या आधीच्या वायरी यांना तर हातच लावायचा नाही, ते महावितरणचं किंवा तुमच्याकडे जी कंपनी वीज देते तिचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोर्डात सप्लाय नाहीये हे गृहीत धरायचं नाही, तपासायचं. नुसता स्विच ऑफ करून बोर्ड खोलणारे खूप लोक आहेत आणि हे फार म्हणजे फारच धोक्याचं आहे, कारण स्विच ऑफ केला तरी त्या स्विचच्या एका टोकाला फेज, म्हणजे झटका देणारी जिवंत लाईन, तसाच उभा असतो आणि तोच फेज छोट्या तुकड्यांनी, ज्याला वायरमन लूप म्हणतात, बोर्डातल्या बाकीच्या स्विचांना गेलेला असतो. म्हणून डीबीवर, म्हणजे घरातले सगळे मेन-एमसीबी असतात त्या पेटीवर, जाऊन मेनच खाली पाडायचा. एकट्या खोलीचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडून भागतं असं वाटतं, पण जुन्या घरांत एकाच बोर्डात दोन वेगवेगळ्या सर्किटच्या वायरी आलेल्या सापडतात. मेन पाडल्यावर घरात सगळ्यांना सांगून ठेवा, डीबीवर चिकटपट्टीने कागद लावा, नाहीतर आतून कोणीतरी "लाईट का गेली गं" म्हणत येऊन वर करणार.

आणि इन्व्हर्टर! आपल्याकडे निम्म्या गावात लोडशेडिंगमुळे इन्व्हर्टर बसवलेत आणि त्याची गंमत नाही, जीवघेणी गोष्ट आहे ही, मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली आणि तो लगेच बॅटरीवरून तेच २३० व्होल्ट पंख्या-दिव्यांच्या लाईनीत सोडतो. मेन बंद, एमसीबी बंद, आणि तुम्ही ज्या बोर्डात पेचकस घातलाय तो जिवंत. तर आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करा, मग मेन, मग इन्व्हर्टरकडून घरात जाणाऱ्या लाईनीला वेगळा एमसीबी असेल तर तोही पाडा. सोलर असेल तर तेसुद्धा असंच, आणि ते नीट कळत नसेल तर त्या बोर्डाला हात लावू नका.

मग टेस्टर. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटमधे घालून पेटतो का बघायचं, मेन पाडायच्या आधी, नंतर मेन पाडून आपल्या बोर्डात बघायचं, सॉकेटच्या दोन्ही भोकांत आणि प्लेट काढल्यावर प्रत्येक स्क्रूवर, आणि शेवटी पुन्हा कुठेतरी चालू जागी (शेजारच्यांकडे चालेल) टेस्टर अजून जिवंत आहे ना ते बघायचं. कारण टेस्टर पेटला नाही याचा अर्थ सप्लाय नाही असाही होतो आणि टेस्टर मेलाय असाही होतो. शिवाय निऑनचा साधा टेस्टर तुमच्या अंगातून जमिनीला अगदी थोडा करंट जातो म्हणून पेटतो, लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभे असाल तर तो इतका मंद पेटतो की उजेडात दिसतही नाही. जमलं तर साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, फेज आणि न्यूट्रलमधे (न्यूट्रल म्हणजे करंट परत जायची वायर), फेज आणि अर्थमधे, दोन्हीकडे एसी व्होल्ट बघा. हात कोरडे, फरशी कोरडी, आणि पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल आलीये तिथला बोर्ड ओल जाईपर्यंत उघडूच नका.

प्लेट काढली की पहिल्यांदा मोबाईलने फोटो, दोन-तीन बाजूंनी. मग रंग बघायचे. आपल्याकडे लाल, पिवळा किंवा निळा म्हणजे फेज, काळा म्हणजे न्यूट्रल, हिरवा म्हणजे अर्थ. हे मी मुद्दाम सांगतोय कारण व्हिडिओ बघून काम करणारे वाढलेत आणि अमेरिकेतल्या व्हिडिओत काळी वायर फेज असते नि पांढरी न्यूट्रल, युरोपात निळी न्यूट्रल. तिकडचं बघून इकडे काळी वायर स्विचला लावली तर घोटाळा झालाच. आणि इथेही रंगावर आंधळा विश्वास नको, वायर संपली म्हणून जे हाताशी आलं ते ओढणारे कमी नाहीत, तेव्हा रंग हा अंदाज आणि टेस्टर हा पुरावा.

स्विच नेहमी फेजवर. साध्या स्विचला दोन टोकं, एकीकडे फेज येतो, दुसरीकडून दिव्याला जातो, न्यूट्रल स्विचला न लागता सरळ दिव्याकडे. उलटं केलं, म्हणजे न्यूट्रल स्विचमधून नेला, तरी दिवा बरोबर चालू-बंद होतो, म्हणूनच हे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, पण स्विच बंद असतानाही होल्डरमधे फेज असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. एलईडी बल्ब बंद केल्यावरही मंद जळत राहत असेल तर एकदा हे तपासाच (कधी स्विचमधल्या लाल इंडिकेटरमुळेही तसं होतं). जिन्याचा स्विच असेल, खालून लावायचा वरून बंद करायचा, तर त्याला तीन टोकं असतात, त्याच्या जागी टू-वेच आणायचा आणि मधल्या म्हणजे कॉमन टोकाला कुठली वायर होती ते काढायच्या आधी चिकटपट्टीने खूण करून ठेवायची.

वायरचं टोक सोलताना साधारण ८ ते १० मिलिमीटर, जास्त नाही. तारा पिळून घ्या, एकही केस बाहेर राहता कामा नये, प्लास्टिक स्क्रूखाली दाबलं जाऊ नये आणि तांबं टर्मिनलच्या बाहेर दिसू नये. स्क्रू घट्ट करून वायर ओढून बघायची, निघाली तर परत करायचं. प्लेट काळी पडते, जळका वास येतो, ते बहुतेक वेळा ह्या एका ढिल्या स्क्रूमुळे, तिथे वायर गरम होते आणि हळूहळू प्लास्टिक वितळतं. सोलल्यावर तांब्याऐवजी पांढरट ॲल्युमिनियम दिसलं, जुन्या बिल्डिंगांत असतं, तर तिथेच थांबा. ते मऊ असतं, तुटतं, तांब्याला पिळून जोडलं तर जॉइंट खराब होतो. वायरमनला बोलवा.

सॉकेट बसवताना समोरून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मागून वायरी लावताना हे उलटं दिसतं, इथेच सगळ्यांची गडबड होते, म्हणून डावं-उजवं लक्षात ठेवण्यापेक्षा मागे कोरलेली एल, एन आणि ई ही अक्षरं वाचून त्याप्रमाणेच लावा. आयएसआय मार्क बघून घ्या, पन्नास रुपये वाचवायची ही जागा नाही.

आता अर्थिंगबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात जास्त हेच टाळलं जातं. अर्थची वायर नसली तरी मिक्सर फिरतो, फ्रिज चालतो, मशीन धुतं, म्हणून लोकांना वाटतं ती वायर नसली तरी काय बिघडतं. बिघडतं ते ज्या दिवशी आतली फेजची वायर पत्र्याला टेकते त्या दिवशी. अर्थ असेल तर करंट जमिनीत जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच) पडतो, अर्थ नसेल तर तो पत्रा तसाच वाट बघत उभा राहतो आणि ओल्या हाताने फ्रिज उघडणारी व्यक्ती म्हणजेच अर्थ. बोर्डात अर्थच आलेला नाही असं दिसलं तर काही जण सॉकेटमधेच न्यूट्रल आणि अर्थ ह्यांना छोटा तुकडा जोडून टाकतात. हे कधीही, कोणीही सांगितलं तरी करू नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला की त्या जोडामुळे आख्ख्या फ्रिजच्या अंगात २३० व्होल्ट येतात. तुमच्या बोर्डात असा तुकडा दिसला तर तो पॉइंट बंद ठेवा आणि अर्थची वायर ओढून घ्या. अजून एक खूण सांगतो, एखाद्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत असेल आणि काहीच चालत नसेल तर बहुधा मागे न्यूट्रल सुटलाय.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, १६ अँपियरचा एमसीबी १६ च्या वर गेल्यावर विचार करतो, माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी करंट पुरतो. माणसासाठी आरसीसीबी, घरात ३० मिलीअँपियरचा. तो डीबीत नसेल तर नवी प्लेट आणायच्या आधी तो बसवून घ्या. त्यावर टीचं म्हणजे टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडला पाहिजे. मात्र ते बटण दाबून आरसीसीबी पडला म्हणजे तुमचं अर्थिंग चांगलं आहे असं अजिबात नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लोडचं साधं गणित, वॅटला २३० ने भागा. २००० वॅटचा गीझर किंवा इंडक्शन म्हणजे जवळजवळ ९ अँपियर, हा ६ अँपियरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालवायचा नाही. ६ चं सॉकेट काढून तिथे १६ चं बसवलं म्हणजे झालं असंही नाही, मागची वायर तीच राहते. लाईट-पंख्याला १.५ स्क्वेअर एमएम चालते, १६ अँपियरच्या पॉइंटला कमीत कमी २.५, एसी किंवा मोठ्या गीझरला ४ आणि स्वतंत्र लाईन.

सगळं बसवून प्लेट लावली, आधी मेन, मग इन्व्हर्टर चालू केला, की टेस्टर उजव्या भोकात पेटला पाहिजे, डाव्यात नाही, वरच्यात तर मुळीच नाही. मेन वर करताच पडला तर पुन्हा पुन्हा वर करू नका, बंद ठेवून आधी काढलेला फोटो बघून ताडा कुठे काय लागलंय. कोणाला शॉक बसलाच तर आधी मेन पाडा, त्याला हाताने ओढायचं नाही, मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा.

१६ च्या सॉकेटवर गीझर किंवा इस्त्री अर्धा तास चालवून, प्लग काढून, प्लेटवर हाताची मागची बाजू ठेवून बघा, कोमट चालेल पण चटका बसत असेल तर इन्व्हर्टर आणि मेन बंद करून, टेस्टरने बघून, मागचे वायरींचे स्क्रू परत आवळा.