कॉक्लियर इम्प्लांटचं मशीन न बघता हाताने लावायला शिका

आमच्या दादाला अशर सिंड्रोम आहे. कान जन्मापासून कमजोर आणि रेटिनायटिस पिग्मेंटोसामुळे नजर हळूहळू जातेय, आधी रात्रीचं दिसेना मग बाजूचं, त्यामुळे ओठ बघून बोलणं ओळखायचा तेही सुटत चाललंय. तुमच्या घरी असं कोणी असेल तर कॉक्लियर इम्प्लांटच्या (ऑपरेशन करून कानाच्या आत बसवतात ते ऐकण्याचं यंत्र, त्याचं मशीन बाहेरून कानामागे लावायचं) आधीच ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे कानाच्या तपासणीवाल्या तज्ज्ञाला, डोळ्यांचे रिपोर्ट दाखवा आणि दोन्ही कानांत इम्प्लांट करायचा विषय तेव्हाच काढा. एका कानाने आवाज ऐकू येतो पण कुठून आला ते धड कळत नाही, आणि आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात रस्ता क्रॉस करताना रिक्षा कुठल्या बाजूने येतेय हे कळायलाच हवं ना. अर्थात दोन्ही कान असले तरी नुसत्या आवाजाच्या भरवशावर क्रॉस करायचं नाही, पांढरी काठी हवीच.

स्विच-ऑन झाल्यावर, म्हणजे ऑपरेशननंतर मशीन पहिल्यांदा चालू केल्यावर, घरी रोज डोळे मिटून प्रॅक्टिस करा, थोडंफार दिसतंय तोवरच. दोन्ही कानांचं मॅपिंग, म्हणजे त्या त्या कानासाठी केलेलं आवाजाचं सेटिंग, वेगळं असतं म्हणून उजव्या मशीनवर आम्ही एक जाड खड्याची टिकली चिकटवली, बोट फिरवलं की लगेच कळतं. टिकली माइकवर किंवा बॅटरीच्या हवेच्या भोकांवर लावू नका. बटणाएवढ्या बॅटरीची सपाट, रुंद बाजू प्लस आणि फुगीर बाजू मायनस, हे अंगठ्याने ओळखता येतं. स्टिकर काढल्यावर 2-3 मिनिटं थांबा, तिला हवा लागते, मग बसवा. बॅटरी संपत आली की लाइट लुकलुकतो पण तो दिसणार कोणाला, म्हणून कानात बीप वाजेल असं सेटिंग ऑडिओलॉजिस्टकडून आवर्जून करून घ्या. कॉइल, म्हणजे मशीनची डोक्याला चिकटणारी गोल चकती, केसांवरून सरकवत नेलं की चुंबक आपोआप पकडतो.

पावसाळ्यात मशीन रोज रात्री ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या डब्यात. यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) करताना कान-डोळे दोन्हीची नोंद करा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डेफब्लाइंडनेस, म्हणजे ऐकणं-दिसणं दोन्ही कमी असणं, धरलेलं आहे. नवी मुंबईत महापेला अशा लोकांसाठी काम करणारी हेलन केलर इन्स्टिट्यूट आहे, तिथे जाऊन बोला.

आणि रात्रीचं आधीच ठरवा. मशीन काढून लाइट बंद केला की दादाला ऐकू येत नाही, दिसतही नाही, अशावेळी एकदम हलवलं तर माणूस दचकतो हो. आम्ही खांद्यावर हात ठेवून तो आमचा हात धरेपर्यंत थांबतो, मग तळहातावर बोटाने अक्षरं काढतो. पाठीवर मोठी फुली काढली तर धोका आहे असं समजून दादाने काही न विचारता लगेच आमच्याबरोबर बाहेर पडायचं.