हरकाम्या: नॉन-लीग फुटबॉलमध्ये माझे 11 सीझन

"आज लेफ्ट बॅकला जॉब करशील का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मॅनेजर ड्रेसिंग रूममध्ये माझ्याकडे बघत आला की त्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळायचं. इकडच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलच्या भाषेत "डू अ जॉब" म्हणजे काय, तर ती तुझी जागा नाही हे मलाही माहितीय आणि तुलाही, पण आमचा खरा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, मेव्हणीच्या लग्नाला गेलाय, तेव्हा 90 मिनिटं काहीतरी करून निभाव. मी निभावलं. 2013 ते 2024, नॉन-लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या खालच्या लेव्हलच्या फुटबॉलमध्ये, सहा क्लब, 300 च्या आसपास मॅच, आणि 2, 3, 4, 6, 7, 8, 11 हे सगळे नंबर घालून झाले, 12 आणि 14 किती वेळा घातले ते विचारू नका.

नंबरचं आधी सांगतो कारण नवीन माणसाला ते कळत नाही. खालच्या लेव्हलला शर्टवर नाव नसतं, नंबरही सीझनभर तुमचा नसतो, दर मॅचला 1 ते 11 जागेप्रमाणे वाटतात. 2 म्हणजे राइट बॅक, 3 म्हणजे लेफ्ट बॅक, 12 पासून पुढे बेंच. किटचं बघणारे काका आधीच येऊन खुंटीला शर्ट अडकवून ठेवतात, त्यामुळे मॅनेजरने टीम सांगायच्या आधी तुमचं नशीब खुंटीवर लटकत असतं.

माझं मूळ कोल्हापूर. आई नर्स, 2004 ला इकडे हॉस्पिटलात लागली तेव्हा मी 9 वर्षांचा होतो, पश्चिम लंडनच्या हाऊन्स्लोला आलो आणि तिथेच वाढलो. मामा तिथल्या एका तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळायचा, त्यामुळे माझ्या डोक्यात फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींची मॅच, गॅलरी फुल्ल आणि संध्याकाळी पेठेत त्याच मॅचवरून वाद. माझ्या पहिल्या नॉन-लीग मॅचला प्रेक्षक होते 43. आकडा पक्का आहे, कारण सेक्रेटरी स्वतः गेटवर बसून मोजत होते आणि नंतर चहाच्या खिडकीपाशी त्यांनी तो अभिमानाने सांगितला, गेल्या वेळेपेक्षा 6 जास्त म्हणे.

आता नॉन-लीग म्हणजे काय ते पटकन. नाव फसवं आहे, लीग असतेच, ढिगाने असतात. प्रीमियर लीगचे 20 आणि इंग्लिश फुटबॉल लीगचे 72 असे 92 क्लब सोडून त्याखालचं सगळं ते नॉन-लीग. वरून स्टेप मोजतात. स्टेप 1 म्हणजे नॅशनल लीग, तिथे बरेचसे क्लब फुल टाइम आहेत. स्टेप 2 ला तिचेच नॉर्थ आणि साउथ. स्टेप 3 आणि 4 ला इस्थमियन, सदर्न, नॉर्दर्न प्रीमियर वगैरे जुन्या लीग, इस्थमियन तर 1905 ची. स्टेप 5 आणि 6 ला आमच्या पश्चिम लंडनकडे कम्बाइंड काउंटीज. मी स्टेप 6 ला सुरू केलं, बराच काळ 5 ला काढला, दीड सीझन स्टेप 4 बघितली आणि परत 5 ला आलो. वर जायचा रस्ता मात्र खरा आहे. जेमी वार्डी स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सला आठवड्याला 30 पौंडावर खेळायचा आणि 2012 ला लेस्टरने त्याला फ्लीटवुडकडून 10 लाख पौंडाला घेतला. लेस फर्डिनंड आमच्या शेजारच्या साउथॉलकडून खेळायचा, हो, तेच साउथॉल जिथे आपण समोसे खायला जातो. पण ही नावं सगळ्यांना पाठ असतात याचं कारण ती मोजकी आहेत.

भारतातून शिकायला येणाऱ्या पोरांनी आधी एक गोष्ट नीट ऐका, कारण यात लोक खरंच अडकतात. स्टुडंट व्हिसावर प्रोफेशनल स्पोर्ट्सपर्सन म्हणून खेळणं किंवा कोचिंग करणं चालत नाही, आणि होम ऑफिसच्या (इथल्या गृहखात्याच्या) व्याख्येत सेमी-प्रो, म्हणजे अर्धव्यावसायिक लेव्हलही येते, पैसे घेतले नाहीत तरीही. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसालाही ही अट आहे. "मी तर फुकट खेळतो, मला काय होतंय" हा युक्तिवाद धरून बसू नका, कुठल्याही क्लबच्या फॉर्मवर सही करायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा. युनिव्हर्सिटीची टीम आहे, रविवारची हौशी लीग आहे, तिथे मनसोक्त खेळा. माझं सोपं होतं, मी लहानपणी आलेलो, पासपोर्टचा प्रश्न आधीच मिटलेला.

ज्यांना खेळता येतं त्यांच्यासाठी दार जुलैत उघडतं. प्री-सीझन सुरू होतो, मॅनेजर बदललेले असतात, आणि मॅनेजर गेला की अर्धी टीम त्याच्या मागे नव्या क्लबला जाते, त्यामुळे दर उन्हाळ्यात कुठेतरी जागा रिकाम्या असतातच. क्लबच्या सेक्रेटरीला किंवा मॅनेजरला साधा मेसेज करा, वय, कुठे खेळलात, जागा कोणती. आणि इथे मी केलेली चूक करू नका. मी लिहिलं होतं, "कुठेही खेळू शकतो." 18 वर्षांचा होतो, वाटलं मॅनेजर खूश होईल. झाला की! ट्रायलला मला 20 मिनिटं राइट बॅक, 20 मिनिटं मिडफिल्ड, 20 मिनिटं लेफ्ट विंग असं फिरवलं, शेवटी त्याच्या वहीत माझ्या नावापुढे जागाच नव्हती, नुसता बाण काढलेला होता दोन्ही बाजूंना टोकं असलेला. पुढची तीन वर्षं मी तो बाण होतो. एक ना धड भाराभर चिंध्या.

मामाला फोनवर कौतुकाने सांगितलं की मी या सीझनला पाच जागांवर खेळलो, तर तो म्हणाला, "सगळीकडं खेळतोस म्हंजे कुठंच न्हाईस की रं." राग आला होता तेव्हा.

म्हणून मेसेजमध्ये असं लिहा: "राइट बॅक, गरज पडली तर सेंट्रल मिडफिल्ड." आधी घर, मग पाहुणचार. पहिल्या सीझनला तर एकच जागा धरा, तिथे तुमचं नाव होऊ द्या, दुसऱ्या जागा नंतर आपोआप गळ्यात पडतात, त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

पण हरकाम्या असणं वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, उलट मी 11 सीझन टिकलो ते त्यामुळेच, माझ्यापेक्षा चांगला राइट बॅक प्रत्येक क्लबमध्ये होता. फक्त दुसरी जागा म्हणजे तोच खेळ जरा डावीकडे सरकून, असं नसतं, आणि ते मला एका मंगळवारी रात्री कळलं. नोव्हेंबर, पाऊस, मैदान असं उताराचं की एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यातला झेंडा अर्धाच दिसतो. मी उजव्या पायाचा आणि खुंटीवर 3 नंबर. पहिल्या 10 मिनिटांत माझ्याकडे तीनदा बॉल आला आणि तीनदा थ्रो-इन गेला समोरच्यांना. सवयीने मी बॉल उजव्या पायात घ्यायचो, त्यासाठी अंग टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, वळायचं, त्यामुळे अर्धं मैदान पाठीमागे, आणि त्यांचा विंगर बरोबर त्याच वेळी अंगावर. चौथ्यांदा आमचा सेंटर हाफ (मधला बचावपटू), वय 36, दिवसा प्लास्टरिंगची कामं करणारा, खेळ थांबलेला बघून माझ्याजवळ आला आणि दोन्ही हातांनी माझे खांदे धरून मला अक्षरशः फिरवलं, पाठ टचलाइनला, पोट मैदानाला. म्हणाला, बॉल यायच्या आधी असा उभा राहा, यायच्या आधी, नंतर नाही. मग बॉल डाव्या पायाने फक्त थांबवायचा, समोर सगळं दिसतंय, आणि उजव्याने आत पास. बस. उरलेली 80 मिनिटं मी फार काही ग्रेट खेळलो नाही, पण विंगरला दुसऱ्या हाफमध्ये बदलला.

मिडफिल्डला पुन्हा वेगळंच. बॅकला एक बाजू टचलाइन सांभाळते, मागून कोणी येत नाही. मध्ये उभं राहिलं की चारही बाजूंनी माणूस येतो, त्यामुळे बॉल यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायची सवय लागली नाही तर तुम्ही तिथले नाहीच. ती सवय लागायला मला एक अख्खा सीझन गेला. डावा पाय मी कामाच्या ठिकाणी सुधारला, हीथ्रोच्या कार्गो शेडमध्ये नोकरी, ब्रेकला पार्किंगच्या भिंतीवर 15 मिनिटं नुसता डावा पाय. सुपरवायझर पंजाबी होते, आधी ओरडले, मग स्वतः गोलकीपर म्हणून उभे राहायला लागले.

गोलकीपरवरून आठवलं. एकदा आमच्या कीपरला 60 व्या मिनिटाला रेड कार्ड, सब्स्टिट्यूट सगळे वापरून झालेले, आणि मॅनेजरसकट 10 माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी काय कीपर आहे का! पण सवय अशी लागली होती त्यांना. ग्लोव्ह्ज ओले आणि दोन नंबर मोठे, बोटं आतच वळवळत होती. अर्ध्या तासात दोन खाल्ले, एक अडवला, तो पण गुडघ्याने, त्यावेळी माझे डोळे बंद होते हे मी आजपर्यंत टीममध्ये कोणाला सांगितलेलं नाही.

तोटा काय, तर बेंच. मॅनेजरच्या दृष्टीने तुम्हाला बेंचवर ठेवलं की एका माणसात चार जागा कव्हर होतात, म्हणजे तुम्ही जितके उपयोगी तितके बाहेर बसता. 2019-20 पासून स्टेप 5 आणि खाली सिन बिन आलं, रेफ्रीशी हुज्जत घातली की 10 मिनिटं बाहेर, आमच्याकडे दोन जण हमखास जायचेच आणि त्या 10 मिनिटांत भोक बुजवायला मला कुठून कुठे सरकवतील नेम नसायचा. यावर उपाय एकच, मॅनेजरशी सरळ बोलणं, पण सप्टेंबरमध्ये, फेब्रुवारीत रुसून नाही. मी चौथ्या सीझनला सांगितलं की सलग सहा मॅच राइट बॅकला द्या, नाही जमलं तर परत जिथे म्हणाल तिथे. पाच मिळाल्या. पण त्या पाचमधूनच स्टेप 4 च्या क्लबने बघितलं आणि सेव्हन-डे ॲप्रोच टाकला, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नसलेल्या प्लेयरला घ्यायचं तर त्याच्या क्लबला आधी नोटीस द्यायची आणि 7 दिवस थांबायचं. ते सात दिवस फार अवघड असतात, ट्रेनिंगला जावं तर सगळे "मग, निघालास?" म्हणतात, न जावं तर बातमी खरी ठरते. जा. शांतपणे जा.

मिकेल अँटोनिओचं उदाहरण हरकाम्यांनी बघण्यासारखं आहे. टूटिंग अँड मिचमकडून 2008 ला रेडिंगने घेतला, 2015 ला वेस्ट हॅम, तिथे त्याला विंगला खेळवलं, राइट बॅकला खेळवलं, आणि शेवटी स्ट्रायकर केल्यावर तो प्रीमियर लीगमध्ये क्लबचा सगळ्यात जास्त गोल करणारा झाला, 2021 ला. त्याला घर सापडायला इतकी वर्षं लागली, ते सुद्धा त्या लेव्हलला.

पैशाचं. स्टेप 6 ला मला सुरुवातीला काहीच नव्हतं, मग मॅचला 20 पौंड, स्टेप 5 ला 35, स्टेप 4 ला 80. पेट्रोल, बूट (गवताला स्टड्सचे वेगळे, थ्री-जी टर्फला, म्हणजे कृत्रिम गवताला, मोल्डेड वेगळे, दोन्ही लागतातच) आणि मंगळवारच्या मॅचसाठी बदलून घेतलेल्या शिफ्ट धरल्या तर मी खिशातूनच घालत होतो. काय मिळतंय ते लिहून ठेवा, ते उत्पन्न आहे आणि त्यावर टॅक्सचा प्रश्न येऊ शकतो. दुखापतीचं मात्र सही करताना विचारा, मी विचारलं नाही. घोट्याचं लिगामेंट गेलं तेव्हा सहा आठवडे कार्गोवर उभं राहता येईना, पगार आजारपणाचा, आणि क्लबच्या इन्शुरन्समधून जे आलं त्यात माझं एका आठवड्याचं भाडंही निघालं नसतं. मॅनेजरचा फोन आला, पण तो कधी परत येतोस विचारायला. क्लबचं नाव सांगत नाही, लोक वाईट नव्हते, पैसेच नव्हते त्यांच्याकडे. 2023-24 ला एफए कपच्या एक्स्ट्रा प्रिलिमिनरी राउंडला, म्हणजे अगदी पहिल्या फेरीला, जिंकणाऱ्याला 1,125 पौंड मिळायचे आणि त्या चेकवर क्लबहाउसचं छप्पर दुरुस्त व्हायचं, यावरून अंदाज घ्या.

माझा सगळ्यात भारी सीझन 2019-20. राइट बॅक म्हणून 7 गोल, पेनल्टी नाही, फुकटचे नाही. मार्च 2020 ला कोविडमुळे स्टेप 3 पासून खालचा सगळा सीझन रद्द झाला, सगळे निकाल पुसले, टेबल पुसलं. आकडेवारीत ते 7 गोल कुठे धरायचे कोणालाच नक्की माहीत नाही. मी धरतो.

2024 च्या मेमध्ये थांबलो. आता घराजवळच्या स्टेप 7 च्या क्लबवर रिझर्व्हच्या पोरांना बुधवारी ट्रेनिंग देतो, रजिस्ट्रेशन मात्र चालू ठेवलंय, असंच. मागच्या महिन्यात शनिवारी सकाळी मॅनेजरचा मेसेज, दोन जण आजारी, येतोस का. मी लिहिलं, राइट बॅक असेल तर येतो. लगेच अंगठ्याचा इमोजी. दीड वाजता पोचलो, बॅग ठेवली, खुंटीकडे बघितलं. 3.