फोटो छापायचा असेल तर ग्रुपवरचा देऊ नका, ओरिजिनल द्या

मागच्या महिन्यात मामेबहिणीच्या लग्नातला आजीचा एक फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचं ठरलं, 12 बाय 18 ची फ्रेम. मामीनं फॅमिली ग्रुपवर आलेला फोटो घेतला आणि सांगलीत हरभट रोडला स्टुडिओत नेऊन दिला, मी सोबत होते. तिथल्या दादांनी कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून दाखवला तर आजीच्या नऊवारीचे काठ म्हणजे नुसते चौकोन चौकोन आणि नथीचे सगळे मोती मिळून एक पांढरा ठिपका. मग ज्याच्या मोबाईलवर काढला होता त्या भावाला फोन केला, त्यानं तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला, आणि नथीतला एकेक मोती सुटा दिसायला लागला. फोटो तोच, फक्त पाठवायची पद्धत वेगळी. हे घरोघरी चालू आहे म्हणून सगळं नीट लिहितेय.

व्हॉट्सॲपवर आपण नेहमीसारखा फोटो टाकतो तेव्हा तो लवकर जावा म्हणून ॲप त्याला बारीक करतं, साधारण 1600 पिक्सेल लांबीचा (पिक्सेल म्हणजे फोटो ज्यांनी बनतो ते बारीक ठिपके). मोबाईलचा ओरिजिनल बहुतेक वेळा 12 मेगापिक्सेलचा असतो म्हणजे 4000 बाय 3000. छापताना हिशोब असा की चांगल्या प्रिंटला एका इंचात 300 पिक्सेल लागतात, म्हणजे 4 बाय 6 ला 1800 बाय 1200 पुरे, त्यामुळं व्हॉट्सॲपचा फोटो छोट्या प्रिंटला चालून जातो आणि आपल्याला वाटतं सगळीकडं चालेल. पण तोच 18 इंचावर ताणला की इंचाला जेमतेम 89 पिक्सेल उरतात आणि मग चौकोन दिसणारच. ओरिजिनल त्याच साईजला 222 येतो, भिंतीवर लांबून बघायला एकदम छान. एचडी करून पाठवलं तर साध्यापेक्षा बरं, पण त्यातही फोटो थोडा दाबला जातोच. म्हणून छापायचा असेल तर क्लिपचं चिन्ह, डॉक्युमेंट, तिथून फोटो निवडा, आहे तसा जातो. स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून छापायला देऊ नका, कृपा करून.

जास्त फोटो असतील, म्हणजे अख्खं लग्न किंवा बारसं, तर केबल लावून कॉम्प्युटरवर घ्या. इथं सगळे एकाच ठिकाणी अडकतात, केबल लावली तरी मोबाईल दिसतच नाही किंवा दिसतो पण आत रिकामा. आधी मोबाईल अनलॉक करा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा, चार्जिंगचं जे लिहून येतं त्यावर दाबा आणि फाईल ट्रान्सफर निवडा. तरी नाही दिसला तर केबल बदला, बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. मग इंटर्नल स्टोरेज, डीसीआयएम, कॅमेरा हे फोल्डर एकातून एक उघडत जा, तिथं सगळे फोटो असतात. कट करू नका, कॉपी करा, मध्येच केबल हलली तर कटमध्ये फोटो जाऊ शकतात. कॉपी झाली की चार-पाच उघडून बघा, मगच मोबाईलमधले काढा. आयफोनवाल्यांनी ट्रस्टवर दाबायचं, आणि त्याचे फोटो एचईआयसी नावाच्या वेगळ्या फॉरमॅटमध्ये असतात ते प्रत्येक स्टुडिओत उघडतीलच असं नाही, सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल करून ठेवा म्हणजे पुढचे फोटो नेहमीच्या जेपेगमध्ये येतील. घरात कॉम्प्युटरच नसेल तर मोबाईलला लागणारा ओटीजी पेनड्राईव्ह घ्या, माझ्या सासूबाई स्वतः करतात त्यावर. आणि शेजारी बसलेल्या माणसाला द्यायचे असतील तर अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर आहे, नेट लागत नाही, क्वालिटी कमी होत नाही.

स्टुडिओत देताना पेनड्राईव्हमध्ये फक्त छापायचे तेवढेच फोटो टाका, घरचं सगळं नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरवर आपलं व्हॉट्सॲप उघडलं असेल तर निघताना मोबाईलमध्ये लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन लॉगआऊट करा, घाईत हेच राहतं.

आता कापाकापीचं. मोबाईलचा फोटो 4 ला 3 असतो आणि मॅक्सी प्रिंट, म्हणजे नेहमीची 4 बाय 6 ची, 6 ला 4, दोन्ही आकार जुळत नाहीत, त्यामुळं 6 इंच रुंदी धरली की उंचीतला अर्धा इंच जातो. आमच्याकडं दिराच्या फेट्याचा तुरा गेला असाच, आणि खाली सगळ्यांची पावलं. देतानाच सांगा की फोटो पूर्ण पाहिजे, बाजूला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल, नाहीतर 6 बाय 8 करून घ्या, तो बरोबर 4 ला 3 आहे, काहीच कापत नाही. काढतानाच डोक्यावर थोडी जागा सोडायची सवय लावली तर उत्तम. भिंतीवर समोर खिडकी असेल तर मॅट घ्या, ग्लॉसीवर चकाकी येते.

आणि आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. ऑगस्ट 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45. आम्ही गावभागातले, आईबाबांच्या लग्नाचा अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पाणी उतरल्यावर आलो तर अल्बम म्हणजे चिखलाची वीट झालेली. आईनं तो तसाच गच्चीवर उन्हात ठेवला, आम्हालाही वाटलं वाळेल, आणि वाळला तेव्हा फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवताना बाबांचा चेहरा आईच्या फोटोच्या पाठीवर गेला. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरेच वाचले असते. स्टुडिओतले जुने फोटो भिजले तर चिकटलेले वाळू द्यायचे नाहीत, स्वच्छ गार पाण्याच्या घमेल्यात ठेवायचे, आपोआप सुटायला लागतात, हलक्या हातानं वेगळे करायचे, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि सावलीत चित्र वर करून सुटे वाळवायचे. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्यांना मात्र पाण्यात घालू नका, त्यांची शाई पसरते.

म्हणून घरात जे जुने अल्बम आहेत ते या रविवारीच मोबाईलवर घ्या. खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश बंद, मोबाईल फोटोला अगदी समांतर धरून. गूगलचं फोटोस्कॅन ॲप चमक काढून टाकतं, ते वापरलं तर अजून चांगलं. मग एक कॉपी हार्डडिस्कवर, ती आपल्या घरात नाही, आमची विश्रामबागला बहिणीकडं असते, आणि एक गूगल फोटोजवर. तिथं 1 जून 2021 पासून फुकट अमर्याद नाही, मेल आणि ड्राईव्ह धरून 15 जीबी, त्यामुळं गुड मॉर्निंगचे फोटो आणि फॉरवर्ड व्हिडिओ आधी काढा. एक लक्षात घ्या, बॅकअप झालेला फोटो त्या ॲपमधून डिलीट केला तर गूगलवरचाही जातो, ट्रॅशमध्ये 60 दिवस असतो, तेवढ्यात परत आणता येतो. मोबाईलमध्ये जागा करायची असेल तर त्याच ॲपमधलं फ्री अप स्पेस वापरा, त्यानं फक्त मोबाईलमधले जातात, गूगलवरचे राहतात.

नातेवाईकांना सगळे फोटो द्यायचे तर त्याच ॲपमध्ये शेअर्ड अल्बम करून लिंक द्या, पुण्या-मुंबईचे आपापले उतरवून घेतात. पण ज्याच्याकडं लिंक त्याला फोटो, त्यामुळं लहान मुलांचे फोटो असतील तर लिंक न देता माणसं नावानं ॲड करा. डॉक्युमेंट करून पाठवलेल्या फोटोत बरेचदा कुठं काढला ते ठिकाणही आत लपलेलं असतं, अनोळखी माणसाला पाठवताना तेवढं बघा.

प्रिंट आले की आजीपुढं बसा आणि कोण कोण आहे ते तिला विचारून मागच्या बाजूला कडेला पर्मनंट मार्करनं लिहा, नाव आणि साल. बॉलपेन दाबून लिहू नका, पुढं वळ उठतो. शाई पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक ठेवायचे नाहीत.