तलावाकाठी चतुर आणि टाचण्या कशा बघाव्यात

चतुर आणि टाचण्या म्हणजे पाण्याकाठी उडणारे, लांब सडपातळ शरीराचे, चार पंखांचे कीटक. ते बघायला पाऊस ओसरून ऊन पडू लागलं की, भाद्रपद-आश्विनात, जळगावचा मेहरूण, धुळ्याचा नकाणे किंवा गावचा पाझर तलाव गाठा. सकाळी ९ ते १२ ही वेळ उत्तम. ढगाळ हवेत चतुर गवतात दडून बसतात आणि तलाव रिकामा वाटतो. काठाची काळी माती वरून सुकलेली दिसली तरी पाय रुततो, काठीने चाचपून पुढे जा.

सूर्य पाठीशी असावा, पण तुमची सावली चतुरावर पडली की तो उडालाच. तरी जागचे हलू नका. काडीवरून पहारा देणारे नर बहुधा त्याच काडीवर परततात. दुर्बीण २ मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी हवी.

बसल्यावर पंख आडवे पसरतो तो चतुर, पाठीवर मिटते ती टाचणी. काही टाचण्या मात्र पंख अर्धवट उघडे ठेवतात, फसगत तिथेच होते. मग डोळे बघा: टाचणीचे डोक्याच्या दोन टोकांना, बहुतेक चतुरांचे एकमेकांना टेकलेले. रंगावर विसंबू नका, कोवळा नर पुष्कळदा मादीसारखाच पिवळट असतो.

खरी मौज पाणकणसाच्या देठांवर आहे. पाण्यात वाढलेली अळी देठावर चढून अंगावरची जी कात टाकते, ती पाण्याच्या जरा वर चिकटलेली शोधा: पाठीवर उभी चीर आणि तिच्यातून लोंबणारे पांढरे धागे, म्हणजे अळीच्या श्वासनलिकांचं अस्तर. कात मिळाली म्हणजे तो जीव याच पाण्यात वाढला. उडताना दिसलेला दुरूनही आलेला असू शकतो. शेजारी नुकताच बाहेर पडलेला, काचेसारख्या पंखांचा चतुर असेल तर हात लावू नका. ओले पंख चुरगळले की पुन्हा सरळ होत नाहीत.