‘टुरिस्ट ४८ टक्क्यांनी वाढले’ असं वाचलं की आधी हे करा

श्रीलंकेचं टुरिझम खातं दर महिन्याला किती परदेशी टुरिस्ट आले त्याचा आकडा काढतं, पीडीएफ फुकट मिळते. मी ट्रिप ठरवायच्या आधी तीच उघडतो, कारण ट्रॅव्हलवाल्याला विचारलं तर त्याच्या मते बाराही महिने सीझनच असतो.

एक कोरं शीट घ्या. उभे महिने, आडवी वर्षं, बस. मी २०१८ पासून सुरू करतो, कारण ते वर्ष धडधाकट होतं, एकूण २३,३३,७९६ टुरिस्ट.

आता पहिली चूक, जी सगळेच करतात, आधीच्या महिन्याशी तुलना. २०१८ च्या जूनमध्ये १,४६,८२८ आले आणि जुलैत २,१७,८२९, म्हणजे ४८ टक्के वाढ, लगेच हेडिंग तयार! पण जुलैत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या लागतात, त्यामुळे आकडा चढणारच, त्यात कौतुक काय. जुलै बघायचा तो मागच्या वर्षीच्या जुलैशीच.

दुसरं, दिवसांनी भागा. हे कोणी करत नाही आणि मला तर यातच खरी मजा वाटते. २०१८ च्या जानेवारीत २,३८,९२४ आणि फेब्रुवारीत २,३५,६१८. बघितलं की वाटतं फेब्रुवारीत गर्दी जरा ओसरली. आता ३१ ने आणि २८ ने भागून बघा, जानेवारीत दिवसाला साधारण ७,७०७ आणि फेब्रुवारीत ८,४१५! म्हणजे एअरपोर्टच्या लाईनमध्ये उभं राहणाऱ्यासाठी फेब्रुवारीच जास्त गर्दीचा. लीप इयरला २९ ने भागायला विसरू नका, मी विसरलोय.

तिसरं, सरकणारे सण. ईस्टर २०१८ ला १ एप्रिलला होता, २०१९ ला २१ एप्रिलला, त्यामुळे त्या सुट्टीची गर्दी एका वर्षी मार्चच्या खात्यात जाते नि दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या. मी मार्च-एप्रिल एकत्र धरतो. आपल्या दिवाळीचंही तेच, ऑक्टोबर-नोव्हेंबर जोडून घ्या.

मग येतात खड्डे. २०१९ च्या ईस्टरलाच तिथे बॉम्बस्फोट झाले आणि मे महिन्यात फक्त ३७,८०२ जण आले, आदल्या मे मध्ये १,२९,४६६ होते. म्हणजे जवळपास ७१ टक्के घट. असा महिना तुलनेला धरला की पुढच्या वर्षी काहीही आलं तरी ‘विक्रमी वाढ’ दिसते. २०२० च्या एप्रिलात तर एअरपोर्टच बंद, आकडा शून्य, २०२१ ची टक्केवारी काढायला गेलात तर शीट सरळ एरर देतं. अशा वेळी टक्के सोडा आणि २०१८ चा तोच महिना शेजारी ठेवून बघा.

आणि हो, आकडा माणसांचा नाही, फेऱ्यांचा असतो, एकच माणूस वर्षात तीनदा गेला तर तीनदा मोजला जातो.

आता ट्रिपसाठी याचा उपयोग काय? २०१८ मध्ये सगळ्यात कमी टुरिस्ट मे मध्ये आले, कारण कोलंबो-गॉल बाजूला नैऋत्येचा पाऊस सुरू होतो. पण आपल्याकडे तेव्हाच शाळांना सुट्टी, म्हणून एकूण आकड्याखालचा देशवार तक्ता पण बघा, त्यात भारताचा वाटा किती ते कळतं. फक्त कुठल्या बीचवर गर्दी आहे ते हा आकडा सांगत नाही. जुलै-ऑगस्टचे दोन लाख बघून दक्षिणेच्या मिरिसा बीचवर गर्दी असेल असं धरू नका, तिकडे तेव्हा समुद्र खवळलेला असतो, लोक असतात पूर्वेला त्रिंकोमाली आणि अरुगम बेला, आणि पेराहेराच्या, म्हणजे हत्तींच्या मिरवणुकीच्या उत्सवाच्या दिवसांत कँडीला, तिथली खोली मात्र आधीच बुक करा.