लहान लेकरं घेऊन अहमदाबादला, नदीकाठच्या हॉटेलात दोन रात्री: कसं जमवायचं

शहरात फिरायला जायचं म्हटलं की आपल्याकडं आधी नागपूर, नाही तं डायरेक्ट पुणे-मुंबई. नागपुरात नाग नदी आहे पण तिच्या काठावर कोणी हौसेनं खोली घेत नाही बाप्पा. तुमचं गाव वर्धा, बडनेरा, अकोला यातल्या एखाद्या स्टेशनच्या टप्प्यात असेल तं अहमदाबाद भल्लं सोपं पडते, रात्री गाडीत झोपा नि दुसऱ्या दिवशी साबरमतीच्या काठावर. सोबत सहा-सात वर्षांच्या आतलं लेकरू असलं की एक गोष्ट आधीच मनाशी धरून ठेवजा, अर्धी ट्रिप म्हणजे हॉटेलच राहते. गावातल्या लेकराला लिफ्ट, गरम पाण्याचा नळ नि खिडकीतून दिसणारा पूल यातच दोन तास जातात, तुम्ही बाहेर काय पाहायला आणलं त्याच्याशी त्याला काही घेणं नसते. म्हणून लिस्ट छोटी करा नि खोली चांगली पाहा.

तारीख ठरवणं

सोयाबीन निघालं, हातात चार पैसे आले की दिवाळीत जाऊ असं सगळ्यांच्याच मनात येते. पण दिवाळीनंतर गुजरातमध्ये लाभपंचमीपर्यंत बरीच दुकानं बंद राहतात, नि रेल्वेचं तिकीट तं विचारूच नोका. मे महिन्यात जाऊन फायदा नाही, आपल्याकडं जे ऊन तेच तिथं, एका भट्टीतून दुसऱ्या भट्टीत कायले जायचं. १४ जानेवारीच्या आसपास पतंगाचा उत्सव असते, पाहायला मस्त, पण हॉटेलं महाग होतात नि गर्दीत, मांजात लहान लेकरू सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप. माझं मत विचाराल तं डिसेंबरचे सुरुवातीचे दिवस, नाही तं तूर घरात आल्यावर फेब्रुवारी.

वार पण पाहजा. कांकरिया तळं नि सायन्स सिटी सोमवारी बंद असते. शनिवार-रविवारी नदीकाठावर अख्खं शहर येते, म्हणून लेकरं बालवाडीतच असतील तं मंगळवार ते गुरुवार काढा, नोकरीवाल्यांना हे जमत नाही पण शेतीवाल्यांना जमते, नि खोली पण स्वस्त मिळते.

तिकीट

हावडा-अहमदाबाद एक्सप्रेस नि नागपूरहून सुटणारी प्रेरणा या दोन्ही आपल्याच लाइनीनं भुसावळ, नंदुरबार, सुरत करत जातात. प्रेरणा रोज नसते. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडते. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट लागत नाही, पाच ते बारामध्ये बर्थ न घेता अर्धं नि बर्थ घेतला तं पूर्ण तिकीट. इथं कंजूषी करू नोका, पाच-सहा वर्षांचं पोट्टं रात्रभर तुमच्या बर्थवर लाथा मारून राहिलं की दुसरा दिवस गेलाच म्हणून समजा. अजून एक, अहमदाबाद स्टेशनचं मोठं काम सुरू आहे त्यामुळं काही गाड्या साबरमती, मणिनगर, असारवा अशा दुसऱ्या स्टेशनवर थांबवतात, तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचूनच पुढचं ठरवजा.

हॉटेल निवडणं, इथं वेळ द्या

ॲपवर "रिव्हरसाइड" लिहिलं म्हणजे दारातून निघालं की पाणी असं काही नसते. साबरमतीच्या दोन्ही काठांनी रस्ता आहे, म्हणजे बहुतेक हॉटेल नि नदी यांच्यामध्ये भरधाव गाड्यांचा रोड येते. हॉटेलातून नदीकाठावर जायचा रस्ता कसा आहे, सिग्नल जवळ आहे का, हे फोन करून विचारा. ॲपवरच्या फोटोवर जाऊ नोका, फोन लावा, हिंदीत बोला, तिथं सगळ्यांना समजते.

आता काठ कोणता. आश्रम रोड पश्चिमेच्या काठाला आहे, खानपूर पूर्वेच्या. खानपूरकडच्या नदीवाल्या खोल्यांचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सूर्यास्त झकास दिसते पण दुपारचं ऊन पूर्ण काचेवर. आश्रम रोडकडच्या नदीवाल्या खोल्या पूर्वेला, सकाळी ऊन नि दुपारी सावली. फोटो पाहिजे असतील तं खानपूर, दुपारी लेकरू झोपलं पाहिजे असेल तं आश्रम रोड. मी डोळे झाकून दुसरं घेईन.

फोनवर काय विचारायचं? खिडकी किती उघडते, बाल्कनी असेल तं गजांमध्ये गॅप किती, एक्स्ट्रा गादीचे पैसे किती, लेकराचा नाश्ता फुकट आहे का, रात्री दूध गरम करून मिळेल का, नि चेक-इन किती वाजता. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. गाडी सकाळी लागली नि खोली दोन वाजता मिळणार असेल तं तान्हं लेकरू घेऊन रिसेप्शनच्या सोफ्यावर बसा लागते. लवकर खोली देता का असं आधीच बोलून ठेवलं तं रिकामी असलेली खोली देतात बरेचदा.

आणि नदीत पाणी आहे ना, हे पण विचारा. हसू नोका, खरं सांगते. साबरमतीतलं हे पाणी म्हणजे नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं नि वासणा बॅरेजनं अडवलेलं पाणी आहे. बॅरेजच्या गेटचं काम निघालं की ते सोडून देतात, मंग जास्तीचे पैसे भरून नदीचा तळ पाहात बसा. उलट पावसाळ्यात धरोई धरणातून पाणी सोडलं तं काठावरचा खालचा फूटपाथ बंद करतात.

बिलावर टॅक्स वेगळा लागते, ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला सध्या ५ टक्के. ॲपवर दिसणारा भाव टॅक्स धरून आहे का ते पाहून घेजा. मोठ्या माणसांचे आधार कार्ड ओरिजनल ठेवा.

बॅगेत काय

कपडे कमीच. स्विमिंग पूल असेल तं नायलॉनचा ड्रेस, कॉटनच्या चड्डीवर बहुतेक ठिकाणी उतरू देत नाहीत. मच्छराची क्रीम, एक छोटं स्टीलचं पातेलं-चमचा, तापाचं औषध, ओआरएस. दोरीचा एक तुकडा, का ते पुढं सांगते. आजी सोबत असेल तं जवसाची चटणी.

खोलीत गेल्यावर पहिले दहा मिनिटं

बॅगा उघडायच्या आधी एकानं लेकरं दाराबाहेर धरायची नि दुसऱ्यानं खोली पाहायची. जमिनीवर गुडघे टेकून बसा नि लेकराच्या उंचीवरून पाहा. किटलीची वायर लोंबून राहिली का, काचेच्या टेबलाचा कोपरा, खिडकीखाली ठेवलेली खुर्ची (ही ताबडतोब उचलून दुसऱ्या भिंतीला), बाथरूमच्या नळाला एकदम उकळतं पाणी येते का. बाथरूमला आतून कडी असते नि तीन वर्षांचं पोट्टं ती लावते, पण मंग काढता येत नाही. दोरी यासाठी, दाराच्या कडेवरून आतल्या नि बाहेरच्या हँडलला गुंडाळून बांधून ठेवायची म्हणजे दार पूर्ण मिटतच नाही. बाल्कनीचं दार दिवे लागायच्या वेळी बंद, नदीकाठचे मच्छर तेव्हाच येतात.

मंग लेकरांना लिफ्टमध्ये दोन चकरा मारून आणा, प्रत्येकाला एकदा बटण दाबू द्या, नाही तं प्रत्येक वेळी रडारड.

दिवस कसा पाडायचा

सकाळी एक जागा, दुपारी खोली, संध्याकाळी नदी. बस. यात तिसरी जागा कोंबली की सगळे भांडतात.

पहिल्या दिवशी गाडीचा थकवा असते, फक्त नदीकाठ करा. आपली लेकरं पवनारला धाम नदीत पाय टाकून आलेली असतात, त्यांना वाटते नदी म्हणजे उतरायचं. इथं काठ सिमेंटचा बांधलेला आहे, पाणी खोल आहे, पाहायची नदी आहे ही, हे हॉटेलातून निघायच्या आधीच समजावून सांगा, काठावर जाऊन ओरडण्यात अर्थ नाही. मोठ्या माणसानं पाण्याच्या बाजूनं चालायचं, लेकरू आतल्या बाजूला. २०२२ मध्ये झालेला अटल ब्रिज फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, तिकीट लागते, दिवे लागायच्या जरा आधी जा. पुलात मधे मधे काच बसवलेली आहे, एखादं लेकरू तिथं घाबरून कडेवर चढते, एखादं हलतच नाही.

बोट सुरू असेल तं लेकराच्या मापाचं लाइफ जॅकेट मागा. मोठ्याचं जॅकेट लेकराच्या डोक्यावरून निसटते, त्याचा उपयोग नाही. नसेल तं सरळ उतरा, पैसे गेले तं जाऊ द्या. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीची बोट बुडाली, बऱ्याच लेकरांच्या अंगात जॅकेटच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साबरमती आश्रम. सेवाग्रामची बापूकुटी पाहिलेल्या घरांनी तं जाच. १२ मार्च १९३० ला गांधीजी दांडीला इथूनच निघाले, स्वराज्य मिळाल्याशिवाय परत येणार नाही म्हणाले, नि १९३६ मध्ये आपल्या सेगावात, म्हणजे आताच्या सेवाग्रामात, येऊन राहिले. पोट्ट्यांना एवढंच सांगा की हे त्यांचं आधीचं घर. हृदयकुंज, म्हणजे आश्रमात गांधीजी राहायचे ते घर, पाहून झाडाखाली खारी मोजत बसू द्या, तासाभरात परत. तिथं पण विकासाचं काम सुरू आहे, कोणता भाग उघडा आहे ते हॉटेलात विचारून निघजा.

आश्रमाऐवजी कांकरिया घेतलं तं तळ्याभोवती छोटी रेल्वे आहे नि प्राणीसंग्रहालय आहे, लेकरं आश्रमापेक्षा तिथंच खूश होतील हे खरं.

आणि मेट्रो. मुख्य रेल्वे स्टेशनापाशीच्या कालुपूर स्टेशनहून जमिनीखालून मेट्रो पकडा, शाहपूर गेलं की गाडी बोगद्यातून वर येते नि एकदम नदीवरच्या पुलावर निघते. लेकराला खिडकीशी उभं करून ठेवा. ओल्ड हायकोर्टला उतरा, उलट्या गाडीनं परत. इतक्या कमी पैशात याच्यापेक्षा भारी काही नाही तिथं.

माणेकचौकात रात्री खायला जायचं सगळे सांगतात. लहान लेकरं घेऊन नोका जाऊ, बसायला जागा नाही, धक्काबुक्की, नि ती गंमत सुरूच होते लेकरांच्या झोपेच्या वेळी. नवरा-बायकोपैकी एकानं जाऊन पार्सल आणावं.

जेवण

वरण गोड असते. लेकरं आवडीनं खातात, आपणच तोंड वाकडं करतो. दोन दिवसांचा प्रश्न आहे, चटणी काढा. रात्री खिचडी-कढी जवळपास कुठंही मिळते, "तिखट नको" असं सांगायची पण गरज पडत नाही. नाश्त्याला बुफे असेल तं लेकराच्या ताटात ढोकळा नि केळं, बाकी रंगीत वस्तू नंतर. बुफेतलं उरलेलं डब्यात भरू नोका, पण केळं मागितलं तं देतात.

परत निघताना

इथं पुष्कळ लोक फसतात. परतीची गाडी रात्री बारानंतर सुटणारी असली तं तिकिटावर पुढची तारीख असते. १२ तारखेच्या रात्री निघायचं तं तिकीट १३ चं. आणि चेक-आऊट सकाळी अकरा-बाराचं, मधे बारा तास लेकरं घेऊन कुठं जाणार? संध्याकाळपर्यंत खोली ठेवायचे किती घ्याल ते आदल्या रात्रीच विचारा, खोली नाही मिळाली तं बॅगा रिसेप्शनला ठेवून तो दिवस कांकरियाला काढा. स्टेशनला एक बाजू कालुपूरची, दुसरी सरसपूरची. तुमचा प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूनं जवळ पडते ते पाहूनच रिक्षावाल्याला सांगजा, नाही तं झोपलेलं लेकरू खांद्यावर नि बॅगा हातात घेऊन अख्खा पूल चढा-उतरा लागते.